कळमन्याची खेप

पहाटे 4:00

चहाचं आधण ठेवलं की मी आधी राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर कालचे भाव बघते. प्रत्येक मालापुढे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. किमान दर बहुधा डागी, बारीक मालाचा आणि कमाल दर निवडक मालाचा. आपल्या कामाचा सर्वसाधारण. दर क्विंटलचे असतात, शंभराने भागलं की किलोचा आकडा हाती येतो. कांदा, बटाटा, तूर आणि लाल मिरची एवढं वहीत उतरवून घेते.

नागपूरच्या नंदनवनात आमचं डब्यांचं काम आहे. विद्यार्थी, नोकरदार, एकटे राहणारे आजी-आजोबा असे गिऱ्हाईक. आठवड्यातून एकदा मी कळमन्याच्या घाऊक बाजाराची खेप करते, त्या दिवशी सकाळचा स्वयंपाक जाऊबाई सांभाळतात. आज सोबत शेजारची नवी मुलगी आहे. नवऱ्याची बदली झाली म्हणून सांगलीहून इथे आली. शहर अनोळखी, उन्हाळा तोंडावर, आणि महिन्याचं सामान कोपऱ्यावरच्या दुकानातून भरताना पगार पुरेना. परवा तिने विचारलं, "ताई, तुमच्या नागपुरात स्वस्तातलं मोठं दुकान कुठं आहे?" मी म्हटलं, "अगं, एका दुकानाचा पत्ता देऊन भागणार नाही. मार्च लागलाय, वर्षाची बेगमी करायचे दिवस आहेत. एक दिवस माझ्यासोबत चल."

पहाटे 5:15

कळमना शहराच्या पूर्वेला, भंडारा रोड आणि कामठी रोड यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. दिवसा जायचं तर मेट्रोने प्रजापती नगरच्या शेवटच्या स्टेशनवर उतरून ऑटो करता येतो. सीताबर्डीकडून इकडे येणारा हा मार्ग डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. या वेळी मात्र मेट्रो नसते, म्हणून आम्ही ओळखीच्या छोटा हत्ती टेम्पोत बसून आलो. पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डाच्या आत भाजी, फळं, कांदा-बटाटा, धान्य आणि मिरची यांचे बाजार वेगवेगळे आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याने फाटकातच विचारून घ्यावं, नाहीतर मिरचीच्या शेडपासून भाजीपर्यंत पायपीट होते.

भाजीबाजारात दिवे अजून जळत होते. पालक, मेथी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांचे ढीग, वांग्यांची पोती, टमाट्याचे क्रेट. अडत्या एका ढिगापाशी उभा राहतो, भोवती खरेदीदार जमतात, बोली चढते आणि क्षणात ढीग विकला जातो. पुढच्या ढिगाकडे घोळका सरकतो. एवढ्या वेगात घरगुती गिऱ्हाइकाने बोलीत पडण्यात अर्थ नाही. लिलावात पूर्ण ढीग घ्यावा लागतो. पण ज्यांनी ढीग घेतला त्यांतले काही छोटे व्यापारी तिथेच बाजूला बसून क्रेटने किंवा पाच-पाच किलोने विकतात. आपली जागा ती.

जुलै 2016 मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायची मोकळीक दिली आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम केला. त्यामुळे पुकारलेल्या भावावर अडत, हमाली आणि तोलाई धरूनच व्यापाऱ्याचा खरा भाव ठरतो. आमच्या सोबतीने टमाट्याचा भाव ऐकला आणि तिचे डोळे चमकले. मी तिला क्रेटच्या तळाशी हात घालायला सांगितलं. वरचे लालबुंद, तळाचे दबलेले. विक्रेता म्हणाला, "बाई, पूर्ण क्रेट उलटून बघा, मी कुठं नाही म्हणतो?" क्रेट रिकाम्या पोत्यावर उलटला, मऊ पडलेले वेगळे काढले, आणि उरलेल्यावर भाव ठरला. डब्यांना रोज टमाटे लागतात म्हणून मला क्रेट परवडतो. दोन माणसांच्या घराला तो परवडत नाही, आठवड्यात निम्मा सडतो. पालेभाजीचं तर आणखी कडक गणित: जेवढी आज आणि उद्या शिजेल तेवढीच घ्यायची.

सकाळी 7:00

कांदा-बटाट्याच्या शेडमध्ये वास बदलतो. नागपूरच्या बाजारात लाल आणि पांढरा असे दोन्ही कांदे येतात आणि दोघांचे भाव वेगळे निघतात. पांढरा दिसायला देखणा, पण साठवायला नाजूक. घरी ठेवायचा असेल तर मान सुकलेला, साल खडखडीत झालेला उन्हाळी कांदा घ्यावा. तो बाजारात भरपूर यायला अजून थोडा अवकाश आहे. म्हणून आज फक्त दोन आठवड्यांपुरता लाल कांदा घेतला.

इथे पोत्याने खरेदी होते. पोत्याच्या जाळीतून बाहेरचे कांदे दिसतात, मधले दिसत नाहीत. मी पोत्याला वरून, मधून आणि खालून दाबून बघते. ओल लागली की समजायचं आत एखादा सडका आहे. आमच्या सोबतीला शंका आली: "ताई, निवडून दिलेला घ्यायचा की असाच?" निवडलेल्या पोत्याचा भाव जास्त, कारण निवडायची मजुरी त्यात आली. न निवडलेलं पोतं घेतलं तर ते काम आपल्या अंगणात येतं. सवलत म्हणतात ती बहुतेक वेळा अशी असते. माल साफ करणं, निवडणं, तोडून पाकिटं भरणं, घरापर्यंत आणणं, महिनाभर सांभाळणं, यातलं जेवढं काम गिऱ्हाईक अंगावर घेईल तेवढी किंमत उतरते. ज्याला वेळ आहे, जागा आहे आणि चार हात आहेत त्याने ते काम जरूर घ्यावं. ज्याला नाही, त्याच्यासाठी कोपऱ्यावरचं दुकानच स्वस्त.

सकाळी 8:30

फळबाजारात मृग बहाराची संत्री आली होती. जून-जुलैच्या पावसात फुललेली झाडं फेब्रुवारीपासून फळ देतात. हिवाळ्याच्या तोंडाला येतो तो आंबिया बहार वेगळा. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीकडून गाड्या येतात, जमिनीवर ढीग लागतात आणि आकारमानाने भाव निघतो. मोठं फळ बाहेरगावी जातं. बारीक फळ रसवाल्यांकडे आणि हातगाडीवर. चवीत बारीक फळ कमी असतं असं नाही. साल फार सैल, पोकळ लागली तर रस सुकलेला समजावा. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड वाटलं पाहिजे. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन मिळालं म्हणून ढिगाचा भाव चढत नाही.

एका ढिगापाशी शेतकरी उभा होता. बोली थांबली तेव्हा तो काही बोलला नाही, फक्त पावती घडी करून खिशात ठेवली. बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवल्यापासून तिकडे जाणारा माल कमी झाला आणि इथल्या बाजारावर त्याचा ताण आला. अशा दिवशी संत्री फार स्वस्त मिळतात. आम्हीही घेतली. पण मी सोबतीला सांगितलं ते मनापासून सांगितलं: स्वस्त दोन तऱ्हेचं असतं. मधली हाताळणी वाचली म्हणून जे स्वस्त होतं ते आपल्या कष्टाचं, त्याचा आनंद मानावा. पिकवणाऱ्याचा खर्चही निघाला नाही म्हणून जे स्वस्त होतं, ते त्याच्या पदरचं. अशा मालावर पुन्हा घासाघीस करायची नाही. तो घ्यायचा, भरपूर घ्यायचा, आणि सांगितलेल्या पैशात घ्यायचा.

सकाळी 10:00

तर्री-पोहे आणि चहा. ठेल्यावर आमच्या शेजारी पाच-सहा हमाल बसले होते, खांद्यावर तेच जाड फडकं. यांतल्या वयस्करांनी शंभर शंभर किलोची पोती पाठीवर वाहिली आहेत. आता बहुतेक पोती पन्नास किलोची किंवा त्याहून लहान असतात. महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी 1969 मध्ये कायदा झाला. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्य निर्वाह निधी, सुट्ट्या या गोष्टी पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसालाही मिळाव्यात, हा त्याचा गाभा. देशात असा कायदा आधी नव्हता.

हमालीचे दर बाजारात ठरलेले असतात. नवीन माणूस तिथेच काटकसर करायला जातो आणि पोतं स्वतः ओढत नेतो. पोतं फाटतं, कंबर धरते, आणि मागच्या गाड्या खोळंबतात. आमचा कांदा-बटाटा एका काकांनी गाडीवर चढवला. "सरका जी, सरका," म्हणत ते गर्दीतून असे गेले की आम्हाला मागे धावावं लागलं. भाजी, कांदा आणि संत्री घेऊन गाडी घरी गेली, जाऊबाईंनी दुपारच्या डब्यांसाठी पालक मागवलाच होता.

सकाळी 11:15

धान्यबाजार. तूर आणि हरभऱ्याचा हा भर हंगाम. शेडमध्ये रास पडली की अडत्या, व्यापारी, दाल मिलवाले फेरी काढतात. मूठभर दाणे तळहातावर घेतात, फुंकर मारतात, एक दाणा दातांखाली फोडतात. कटकन फुटला तर वाळलेला. भरलेल्या पोत्यातलं बघायचं तर टोकदार लोखंडी नळी खुपसतात, नळीच्या पन्हळीतून आतले दाणे हातात येतात.

उघड लिलाव, खरं वजन, लेखी पावती ही व्यवस्था विदर्भाला फार जुनी आहे. कापसासाठी देशातला पहिला नियंत्रित बाजार 1886 मध्ये कारंज्याला झाला, आजच्या वाशीम जिल्ह्यात. त्यानंतर 1897 मध्ये वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. महाराष्ट्राचा आजचा बाजार समिती कायदा 1963 चा. लिलावात बोली लावायला परवाना लागतो. घरच्यासाठी घेणाऱ्याने गाळ्यावरच्या व्यापाऱ्याकडे जावं.

आमच्या सोबतीला डाळ हवी होती. मी तिला आधी वहीतलं गणित दाखवलं. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्राने तुरीचा हमीभाव क्विंटलला 7,550 रुपये ठरवला होता. शंभर किलो तुरीतून मिलमध्ये साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ निघते. बहात्तर धरली तर नुसत्या तुरीचेच किलोला 105 रुपये होतात. वर मिलचा खर्च, खाली चुणी-भुशाचे सुटणारे पैसे. आता कुणी नव्वद रुपयांत उत्तम डाळ म्हणून देऊ लागला, तर तूर कोणत्या भावाने घेतली हे विचारायचं. तूर खरंच उतरलेली असेल तर ठीक, नाहीतर डाळीत दुसरं काही मिसळलेलं आहे का ते नीट निरखायचं.

व्यापाऱ्याने तीन वाट्या पुढे केल्या. फटका म्हणजे चकचकीत, एकसारखी, सर्वांत महाग. फोड त्याखालची, थोडी तुकडा असलेली. तिसरी गावरानी, रंगाने मळकट, पण शिजल्यावर सुगंध दरवळतो. "वरणाला ही न्या वहिनी," तो म्हणाला, "दिसायला साधी आहे, पण खाणारे विचारतील." मी डब्यांसाठी फोड घेतली, तिने गावरानी.

तांदळाच्या गाळ्यावर तिने नावं वाचली: चिन्नोर, जय श्रीराम, एचएमटी. एचएमटीची गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अगदी थोड्या जमिनीचे शेतकरी. 1980 च्या दशकात स्वतःच्या बांधीत वेगळी दिसलेली लोंबी त्यांनी जपली, तिचं बी वर्षानुवर्षं निवडून वाढवलं. बारीक, चवदार, भरघोस उतरणारा हा वाण त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावाने खपू लागला. त्यांनी आणखीही वाण शोधले. 2018 मध्ये ते गेले, तेव्हा पदरी फारसं काही नव्हतं. आज मध्य भारतात कितीतरी घरांत त्यांचा भात शिजतो. पोतं विकत घेताना त्यांचं नाव माहीत असावं, एवढं तरी आपण करू शकतो.

तांदळाची पोती सव्वीस आणि तीस किलोची का, हेही तिने विचारलं. 18 जुलै 2022 पासून पंचवीस किलोपर्यंतच्या बंद, छापील पाकिटातल्या धान्य-डाळीवर पाच टक्के जीएसटी लागू झाला. त्याहून मोठ्या पोत्यावर तो नाही. दोन घरांनी मिळून एक पोतं घेतलं की पाच टक्के तिथेच वाचतात. पाकीट घ्यायचंच नसेल तर सुट्टा, वजन करून दिलेला मालही करातून मोकळा आहे.

दुपारी 1:15

मिरचीबाजारात शिरण्याआधी तोंडाला ओढणी बांधली. तरी ठसका लागलाच. डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत इथे लाल मिरचीची पोती रचलेली असतात: भिवापूर आणि भंडाऱ्याच्या पट्ट्यातली, तेलंगण-आंध्रातली तेजा. तेजा तिखटाला, भिवापुरी रंगाला. घरच्या तिखटासाठी दोन्ही मिसळून कुटतात.

इथलं गिऱ्हाईक मिरची कानाशी नेऊन हलवतं. बी खुळखुळलं तर वाळलेली. दाबल्यावर वाकली, मोडली नाही, तर ओल आहे आणि ओल म्हणजे पाण्याचे पैसे. देठासकट मिरची स्वस्त, देठ काढलेली महाग. भिवापूर, पवनीकडे मिरचीचे सातरे असतात, तिथे बायका दिवसभर उकिडव्या बसून देठ खुडतात. बोटांची आग संध्याकाळी पाण्यात हात घातला की आणखी वाढते. देठ काढलेल्या मिरचीच्या चढ्या भावात त्या बोटांची मजुरी आहे. आपण देठासकट घेतली तर दहा किलोची देठ काढून, ऊन दाखवून नऊच्या आसपास भरते, हे धरूनच भाव ताडायचा. आम्ही देठाचीच घेतली. खुडायला चार घरच्या बायका जमतील, हातांना तेल लावून.

दुपारी 3:00

कळमन्यात शेतातून आलेला माल मिळतो. साखर, तेल, गूळ, मसाला यांच्यासाठी इतवारी आणि मस्कासाथ. इथल्या ओळी मालानुसार आहेत. किराणा ओळ, भांडे ओळ, सराफा ओळ, पुढे गांधीबागेत कापड. एका ओळीत दहा दुकानं एकच वस्तू विकतात, म्हणून शंभर पावलांत बाजारभाव कळतो. रस्ते अरुंद, दुपारी त्यातल्या त्यात मोकळे. रविवारी यायचं नाही, घाऊक दुकानं बहुतेक बंद असतात.

तेलाच्या डब्याजवळ मी तिला थांबवलं. एका दुकानात पंधरा किलोचा डबा, शेजारी पंधरा लिटरचा. दोन्ही सारख्याच उंचीचे दिसतात. तेल पाण्याहून हलकं, लिटरला सुमारे 910 ग्रॅम भरतं. म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर तेल. भाव शंभर रुपयांनी कमी ऐकून लिटरचा डबा उचलला, तर सव्वा किलोहून जास्त तेल मागे राहिलं. डब्यावरचं निव्वळ वजन वाचायचं, मग भाव विचारायचा. "दादा, किलोचा काय पडतो?" हा एकच प्रश्न दहा दुकानांत विचारला तरी कुणी रागावत नाही.

मसाला मात्र आम्ही थोडाच घेतला. दगडफूल, जायपत्री, मसाला वेलची घाऊक स्वस्त असली तरी वास उडाल्यावर तिचे पैसे वायाच जातात.

संध्याकाळी 5:30

साबण, धुण्याची पावडर, टूथपेस्ट, फिनेल यांच्यासाठी मी तिला मोठ्या सवलतीच्या दुकानात नेलं. इथे छापील किमतीवर सूट खरी असते. या दुकानांची युक्ती समजून घेतली तर खरेदी नीट होते. राधाकिशन दमाणी यांनी 2002 मध्ये पवईला पहिलं डीमार्ट काढलं. जागा शक्यतो स्वतःची, पुरवठादाराला पैसे लवकर, आणि झपाट्याने खपेल तोच माल, यावर ते वाढलं. अमेरिकेत मराठी घरं ज्या कॉस्टकोमध्ये महिन्याचं सामान भरतात, तिथेही असंच: वर्षाची वर्गणी, मोजकेच प्रकार, मोठी पाकिटं. म्हणजे या दुकानांनीही मधली हाताळणी कमी केली. कळमन्याचं तत्त्व तेच, फक्त छप्पर वातानुकूलित.

धोका एवढाच की आत यादीबाहेरचं बरंच काही हात पुढे करून बोलावतं. पाकिटावर एकक दर छापलेला असतो, ग्रॅममागे किंवा किलोमागे. तो वाचला की मोठं पाकीट नेहमीच स्वस्त नसतं हे उमगतं. आम्ही यादीतलं घेतलं आणि बाहेर पडलो.

रात्री 9:00

डबे गेले, भांडी झाली, मग वही उघडली. प्रत्येक वस्तूपुढे मी चार रकाने करते: खरेदी, अडत-हमाली, गाडीभाडं, आणि निवडताना गेलेली तूट. बेरीज करून हाती उरलेल्या वजनाने भागलं की खरा दर निघतो. आज तो कोपऱ्यावरच्या दुकानाशी ताडून बघितला. डाळ, तांदूळ, मिरची, तेल यांत ठळक बचत. कांदा-बटाट्यात बरी. टमाट्यात माझ्या डब्यांमुळे बचत, तिच्या घराला तोटा. पालेभाजीत कुणालाच काही नाही, ती दारावर येणाऱ्या भाजीवालीकडूनच घ्यावी, तिचंही घर चाललं पाहिजे.

आमची सोबतीण गप्प बसून रकाने बघत होती. मग म्हणाली, "ताई, एकटीनं एवढं पोतं घेऊन ठेवायचं कुठं? दोन खोल्या आहेत." हाच खरा अडसर आहे, आणि त्याचं उत्तर मराठी माणसाने फार पूर्वी शोधलंय. मुंबईच्या नायगावात कामगारांनी 1948 मध्ये अपना बाजार उभा केला. बिंदुमाधव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू केली. शेजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची एकत्र मागणी द्यायची, आलेला माल आपापसात वाटून घ्यायचा. दुकान नाही, जाहिरात नाही, विश्वास आणि वही एवढंच भांडवल. चाळीतल्या बायकांनी ते वर्षानुवर्षं चालवून दाखवलं.

आमच्या गल्लीत हे सहज होण्यासारखं आहे. तांदळाचं पोतं चौघींत, तेलाचा डबा तिघींत, मिरची सगळ्यांत. माल मोजायला माझा काटा आहे, वाटपाला आमची पडवी. हिशेब लिहायला ती तयार झाली, अक्षर सुरेख आहे तिचं. हमाली आणि गाडीभाडं वजनानुसार वाटायचं, घासाघीस व्यापाऱ्याशी करायची, हमालाशी आणि पडेल भावात विकणाऱ्या शेतकऱ्याशी नाही, हे नियम पहिल्या पानावर लिहिले. उद्या दुपारी ती घरोघरी जाऊन यादी विचारणार आहे. गव्हाचा हंगाम लागतोय. लोकवन किती आणि शरबती किती, एवढं ठरलं की पुढची खेप आमची सगळ्यांची.